दादाच्या होडीची फळी

१

मिठबावात जाऊन परशुराम कोयंड्यांचं घर कुठलं म्हणून विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. ‘रेडिओवालो परशा’ म्हणा, मग शेंबडं पोरसुद्धा माडांच्या वाटेने तुम्हाला थेट घरापुढच्या खळ्यापर्यंत आणून सोडील. मच्छीमारांच्या वाडीत जन्म, आणि होडीत पाय ठेवला की याच्या पोटात ढवळायचं. असला मुलगा दर्याच्या काय कामाचा? म्हणून बापाने होडी थोरल्या रामचंद्राला दिली आणि धाकट्याला मालवणच्या बाजारात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात चिकटवला. तिथे त्याने पस्तीस वर्षं काढली. लग्नाचं तेवढं राहून गेलं. पुढे रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर गेले, शेवटी दुकानही गेलं, आणि परशुराम आपल्या पेटीभर सामानासकट घरी परत आला.

ही गोष्ट दोन हजार पाच सालची. तो तेव्हा साठीला टेकला होता. घरामागे एक मांगर आहे, पूर्वी त्यात जाळी ठेवत. जेवणं झाली, वाडी आडवी झाली, की परशुराम त्या मांगरात जाऊन बसायचा. दोन वाजल्यापासून चहा होईपर्यंत त्याला कोणी हाक मारायची नाही, असा घरचा नेम होता. घरात हाक मारणारं तरी कोण होतं म्हणा. एक यशोदावयनी, थोरल्या रामचंद्र दादाची बायको, आणि एक मांजर.

त्या वर्षी चतुर्थीला पुतणी आली होती. योगिनी, दादाची एकुलती एक. मुंबईत मामाकडे राहून शिकली, तिथेच नोकरीला लागली. येताना सीडीचा प्लेअर आणि मोठाले हेडफोन घेऊन आली आणि गणपतीसमोर बसून म्हणाली, ‘काका, यात आवाज साफ येतो, पण आपल्या जुन्या रेडिओत यायचा तसा भरलेला येत नाही.’ झालं, परशुरामाला तेवढं पुरलं. त्या रेडिओचे काचेचे व्हॉल्व्ह त्याने कापसात गुंडाळून जपून ठेवले होते. ते वापरून हेडफोनसाठी एक छोटा ॲम्प्ली करायचा आणि तिच्या लग्नात तिला द्यायचा, हे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. हेडफोन तिने काकाकडेच ठेवले आणि ती मुंबईला गेली.

नवरात्र संपेपर्यंत आतली सगळी जोडणी झाली. राहिलं ते रूप. लग्नात पुतणीच्या हातात द्यायची वस्तू, ती काय नागड्या पत्र्यावर देणार? वरून पितळेचा पत्रा हवा, आरशासारखा. आणि चारी बाजूंनी लाकडाची चौकट, लाखेचं पॉलिश मारलेली. पत्रा त्याने कुडाळच्या बाजारातून आणला. लाकूड मात्र घरातच होतं. मांगराच्या आढ्याला, सुतळीने बांधलेलं, बारा वर्षं.

२

ती दादाच्या होडीची फळी होती.

रामचंद्र दादा त्र्याण्णव सालच्या कार्तिकात, तुळशीचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे एकटाच गेला तो परत आला नाही. ना वादळ, ना वारा. समुद्र ताटात ओतल्यासारखा होता. अठरा दिवसांनी वाडीतल्या शिवाला किनाऱ्यावर ही एवढी एकच फळी सापडली. ती दादाचीच हे ओळखायला पंच बोलवावे लागले नाहीत. तिच्यावर तांब्याच्या दोन खिळ्यांच्या मधोमध एक वेडावाकडा ‘प’ कोरलेला होता. परशुरामाने सातव्या वर्षी खिळ्याने कोरलेला, आणि त्याबद्दल बापाकडून मार खाल्लेला. बाप मारत असताना दादा मध्ये पडला होता. ‘ऱ्हवांदे, बाबा. तो काय होडयेत बसूचो नाय, तेचा नाव तरी बसांदे,’ असं तो म्हणाला होता.

काय माणूस होता तो! आवाज असा, की पाण्यातल्या खडपांपलीकडून होडी आत घेताना हाक मारली तर घरात भांड्यांना ऐकू जाई. होडी वर ओढायला हात लागत, म्हणून हाक. ‘परशाऽऽ, परशाऽऽ, परशाऽऽ.’ तीन वेळा, मोजून. आमच्याकडे एका हाकेला कोणी ओ देत नाही. एकदाच हाक मारतं ते माणूस नसतं, हे पोरांना दूध पाजताना शिकवतात. त्यामुळे दादाच्या तीन हाका कधी चुकल्या नाहीत. सुट्टीला परशुराम घरी असला की तिसऱ्या हाकेला ‘ओऽऽ’ म्हणायचा आणि धावायचा.

योगूची, म्हणजे योगिनीची, गोष्ट निराळी. तिला बाप एकदाच हाक मारायचा आणि ती पहिल्याच हाकेला ओ देऊन पाण्यापर्यंत पोचलेली असायची. आजी तिचा गालगुच्चा घेऊन ओरडायची, पण बापाच्या बाबतीत तिने कधी ऐकलं नाही. बाकीच्यांना मात्र ती मुद्दाम छळायची. काकाने हाक मारली की मागे न बघता एक बोट वर करायची. दुसरी मारली की दोन बोटं. तिसरं बोट वर झालं की मगच हसत वळायची. काका तिच्यावर चिडायचा आणि तीन हाका मारायचा.

आता ती पोर चोवीस वर्षांची झाली होती आणि तिचं लग्न ठरलं होतं, कुडाळच्या मुलाशी, माघात. माणसं चांगली, पण त्यांनी एकच गोष्ट विचारली आणि ती चुकीची नव्हती. मुलीचा बाप आहे की नाही, ते एकदा ठरवा. कार्डावर काय लिहायचं, कन्यादान कोणी करायचं? कारण यशोदावयनीने बारा वर्षांत कुंकू पुसलं नव्हतं. प्रेत नाही तर सुतक कसलं, म्हणून ती रोज सकाळी आरशासमोर उभी राहून ठसठशीत लावायची आणि वाडीतल्या बायका मान वळवायच्या. आता बारा वर्षं भरत होती. भटजी म्हणाले, शास्त्र सांगतं, दर्भाचा पुतळा करा, अग्नी द्या, मोकळे व्हा. वयनीने ऐकून घेतलं आणि निर्णय दिरावर सोपवला. परशुरामाने होकार भरला. तुळशीच्या लग्नानंतर विधी ठरला.

मग तो मांगरात गेला, सुतळी कापली आणि फळी खाली घेतली. कन्यादानाला बाप नाही, निदान त्याच्या होडीचं लाकूड तरी पोरीबरोबर जाईल, एवढाच त्याचा विचार होता. यात कोणाचं काय वाईट होतं, सांगा.

३

फळी वरून काळी ठिक्कर. काजूचं तेल आणि माशाचं तेल वर्षानुवर्षं पाजलेलं. ‘प’ असलेला तुकडा मागच्या बाजूसाठी बेताने बाजूला काढून त्याने बाकीच्या तीन बाजू कापल्या आणि चौकट जुळवली. परशुरामाला जन्माची एक खोड होती. काम अर्धवट असतानाच जोडून ऐकायचं. रंधा लावण्याआधीच त्याने पत्रा चौकटीत बसवला, विजेची पिन लावली, हेडफोन कानांवर चढवले.

जुने व्हॉल्व्ह तापायला वेळ घेतात. काचेत तांबूस उजेड धरला आणि मग कानात हळूच घुंईऽऽ सुरू झालं. प्लेअर जोडलेला नव्हता. नुसतं यंत्र ऐकत बसायला त्याला आवडायचं. त्याने चौकटीवर नखाने टिचकी मारली तर ती कानात टण्णकन वाजली. जुना व्हॉल्व्ह असा लाकडाचा धक्का पकडतो, हे त्याला पस्तीस वर्षं ठाऊक होतं. चूक वाटावी असं त्यात काही नव्हतं.

मग पाण्याचा आवाज आला. लाकडावर पाणी चापट मारतं तसा, सावकाश. परशुरामाने आधी पिंपाकडे बघितलं, मग बाहेर. भरतीची वेळ होती, किनारा दोनशे पावलांवर. लाकूड जमिनीवर, जमिनीला लाटांचा हादरा, व्हॉल्व्हने तो पकडला. त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. एवढा नाजूक ॲम्प्ली आपल्या हातून झाला, म्हणून तो गालातल्या गालात हसला.

तेवढ्यात कोणीतरी लांबून हाक मारली. ‘परशाऽऽ.’

त्याने हेडफोन काढून कान दिला. बाहेर माडांची सळसळ होती आणि वयनी घोरत होती. परत लावले. घुंईऽऽ, पाणी, पुन्हा घुंईऽऽ. दुसरी हाक आली नाही.

४

पुढचे पंधरा दिवस परशुरामाने काय काय केलं, ते सांगायला लागलो तर रात्र पुरणार नाही. तारा बदलल्या, अर्थिंग बदललं, पत्र्याखाली रबर घातलं. ट्रॉलरवाल्यांची वायरलेस असेल. गोव्याचं एखादं स्टेशन घुसत असेल. एका दुपारी त्याने सगळं बिऱ्हाड उचलून किनाऱ्यापासून लांब, दत्तारामाच्या गिरणीत नेलं आणि तिथून ऐकलं. दत्ताराम विचारत राहिला की एवढं काय ऐकतोस, आणि हा मान हलवत राहिला. तिथे समुद्र नव्हता. पाणी मात्र तसंच लाकडावर चापट मारत होतं.

काम थांबवावं असं त्याला एकदाही वाटलं नाही, हे खरं आश्चर्य. उलट हात आणखी वेगाने चालायला लागले. रंधा मारला तशी काळी साल वेटोळी होऊन पडली आणि आतून फणसाच्या लाकडाचा पिवळा रंग निघाला, हळदीच्या अंगाचा. पॉलिश पेपर आधी जाडा, मग बारीक, मग शून्य नंबरचा. मांगरात दादाच्या अंगाचा वास भरला. तेल, मीठ, विडी. परशुराम घासायचा थांबायचा आणि नाक भरून घ्यायचा. डोळ्यांत पाणी यायचं, ते तो भुशाच्या नावावर खपवायचा.

आणि दर थराबरोबर ती हाक जवळ येत होती. पहिल्या दिवशी ती खडपांपलीकडे होती. रंधा मारल्यावर अलीकडे आली. शून्य नंबरचा पेपर झाला त्या दुपारी ती खळ्याखालच्या वाळूतून आली. रोज एकदाच. रोज त्याच सुरात. परशुराम पुढच्या हाकेची वाट बघत व्हॉल्व्ह तापून पत्रा चटका देईपर्यंत बसून राहायचा.

हा सूर त्याने आधी ऐकला होता. आता सांगूनच टाकतो. त्र्याण्णव साली, तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी परशुराम घरीच होता. टळटळीत बारा वाजता तो माडाखाली बसून एक ट्रान्झिस्टर उघडत असताना समुद्राकडून हाक आली. ‘परशाऽऽ.’ आवाज दादाचा. तो अर्धवट उठलासुद्धा. पण भर दुपार, आणि हाक एकच. दादा कधी एकदा हाक मारतो का? तो तसाच अर्धवट उठलेला थांबला. दोन आणि तीन मोजायला त्याने बोटंसुद्धा धरून ठेवली. मग खाली बसला आणि ट्रान्झिस्टरचा पेच फिरवायला लागला. हे त्याने बारा वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं.

५

पितळ घासायचं काम वयनीने आपणहून मागून घेतलं. देवाची भांडी आयुष्यभर तिनेच घासली होती, बाजारातलं ते गुलाबी पॉलिश तिला मान्य नव्हतं. सोलं भिजवून, त्यात चुलीतली राख घेऊन ती मांगराच्या उंबऱ्यावर बसली. कोकमाचं लाल पाणी पितळेवर फिरलं तसा पत्रा उजळायला लागला. बोलता बोलता तिने जुन्या रेडिओचा विषय काढला. नवी नवरी होऊन आली तेव्हा त्या रेडिओपुढे सगळी वाडी बसायची, आणि दादा हवामानाच्या बातम्या ऐकताना पोरांना खोकूही द्यायचा नाही. परशुराम हसला. तीही हसली. कपाळावरचं कुंकू घामाने जरासं ओघळलं होतं.

का कोण जाणे, त्याने पिन लावली आणि हेडफोन उचलून तिच्यापुढे धरले. अंबाडा सावरून तिने ते चढवले आणि मांडीवर हात ठेवून बसली. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. पापणीसुद्धा नाही. बऱ्याच वेळाने तिने ते काढले आणि पदराने नीट पुसून खाली ठेवले.

‘कधीपासून?’ तिने विचारलं.

पंधरा दिवस, असं त्याने सांगितलं. आणि मग बारा वर्षांचंही सांगून टाकलं. ते माडाखालचं अर्धवट उठणं, ती मोजायला धरलेली बोटं, सगळं. वयनी खाली मान घालून पत्रा घासत होती. घासलेल्याच जागी पुन्हा पुन्हा घासत होती. ती आपल्याला शिव्या देईल असं त्याला वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘बारा वर्सां मी कुकू लावतंय, भावजी,’ ती शेवटी म्हणाली. ‘आणि हाक मारतत ती तुमका.’

तिने पत्रा उन्हात धरला. त्यात मांगराचं छप्पर लख्ख दिसलं.

‘इधी करूच्या आदी तेंका ओ द्या. कोणी तरी ओ देईपर्यात ते जावचे नाय. तुमी दिलास नाय, तर दुसऱ्या कोणाक तरी देवची लागतली.’

६

शेवटचं पॉलिश विधीच्या आदल्या दिवशी झालं. चपडा लाख स्पिरिटात विरघळवून, वयनीच्या जुन्या पातळाचा बोळा करून त्याने एकावर एक नऊ हात दिले होते. प्रत्येक हात वाळला की हलका पेपर, मग पुढचा हात. लाकूड असं झालं होतं की बोट ठेवलं तर आत बुडेल असं वाटावं. मागच्या बाजूला लाखेच्या खाली सात वर्षांच्या परशाचा ‘प’ पहुडला होता. अशी देखणी वस्तू त्याने जन्मात केली नव्हती.

दुपारचे साडेतीन. दाराकडे पाठ करून तो बसला होता. हेडफोन लावले. आज घुंईऽऽ नव्हतं, पाणीही नव्हतं. एखाद्या खोलीत माणूस असला की ती जशी गप्प असते, तसं गप्प होतं.

मग श्वास घेतल्याचा आवाज आला. आजवर तो कधी ऐकू आला नव्हता, कारण हाक कधी इतक्या जवळ नव्हती. फार जड श्वास, गळणाऱ्या भात्यासारखा, मध्ये कुठेतरी पाणी असलेला. आणि हाक. ‘परशा.’ दारातून. ओरडून नव्हे, घरातलं माणूस मारतं तशी.

परशुरामाने तोंड उघडलं. ओ जिभेवर आली होती. आता या माणसाला भित्रा म्हणू नका, त्याच्या जागी बसून बघा. पुढे पितळेचा पत्रा होता. त्यात त्याचा चेहरा दिसत होता, खांद्यामागे दाराची चौकट दिसत होती, आणि दारात ऊन असायला हवं होतं तिथे नव्हतं. काहीतरी ते अडवून उभं होतं. एवढंच. दादाच असेल तर पुन्हा मारील, त्याने स्वतःला सांगितलं. दोनदा तरी मारील. तो मोजत राहिला. ऊन परत दारात येईपर्यंत तो तोंड उघडं ठेवून मोजत राहिला.

चहा घेऊन वयनी आली तेव्हा पिन काढलेली होती. तिने त्याच्याकडे बघितलं.

‘दिलंय ओ, वयनी,’ परशुराम म्हणाला.

‘काय म्हणाले?’

‘कायच नाय. शांत झाले.’

तिचा चेहरा असा सैल झाला, की त्याला ते खोटं परत घेता येईना. तिने चहाचा पेला त्याच्या हातात दिला आणि दाराला टेकून पदर तोंडाला लावून रडली, बारा वर्षांत पहिल्यांदा. परशुराम चहा प्यायला. गोड होता.

७

विधी झाला. योगिनी मुंबईहून आली होती, डोळे सुजेपर्यंत रडली. दर्भाचा तो हातभर पुतळा किनाऱ्यावर भर्रकन जळून गेला, त्यालाही किती वेळ लागणार. घरी आल्यावर वयनीने स्वतःच्या हाताने कुंकू पुसलं. कपाळावर तेवढी जागा गोरी राहिली होती. बायकांना वाटलं होतं ती कोसळेल, पण ती चुलीपाशी गेली आणि सगळ्यांना पेज वाढली. ते गेले शांतपणे, असं ती दोनदा म्हणाली, आणि दोन्ही वेळा दिराकडे कृतज्ञतेने बघितलं. परशुरामाने आपली पेज मांजरापुढे सारली.

त्याच संध्याकाळी त्याने धीर करून हेडफोन लावले. घुंईऽऽ. निर्मळ, बारीक, जसं असायला हवं तसं. टिचकी मारली, टण्ण वाजलं. अर्धा तास बसला. काही नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. सुटलो, असं त्याला वाटलं. शेवटी लाकडाचा आणि जुन्या व्हॉल्व्हचाच खेळ तो, बाकी आपल्या मनाचा. माणूस सुटला की किती शहाणा होतो बघा.

लग्नापर्यंत थांबायचं होतं, पण त्याला राहवेना. सुतकाचे दिवस झाल्यावर त्याने ॲम्प्ली योगिनीपुढे ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, फिरवला, आणि मागे ‘प’ दिसल्यावर तिच्या लक्षात आलं की हे कसलं लाकूड. बराच वेळ ती त्या अक्षरावर बोट फिरवत राहिली. मग प्लेअर जोडून ऐकलं, आणि डोळे मिटून म्हणाली, ‘काका, हा आपल्या रेडिओचाच आवाज.’ त्या दिवशी परशुराम जेवला. महिनाभरात पहिल्यांदा पोटभर जेवला.

८

सुट्टी वाढवून योगिनी आणखी आठवडाभर राहिली होती. ती जायच्या आदल्या दिवशी परशुराम देवगडला जाऊन लग्नाची कार्डं घेऊन आला. गाडीतून उतरला तेव्हा सव्वादोन झाले होते. त्याच आठवड्यापासून दुपारी एक ते चार लोडशेडिंग सुरू झालं होतं. वाटेवर एकही पंखा, एकही टीव्ही वाजत नव्हता, सगळी वाडी निपचित पडली होती. कार्डांचा गठ्ठा काखेत धरून तो माडांतून येत होता. वरचंच कार्ड त्याने दहा वेळा वाचलं होतं. कै. रामचंद्र यांची कन्या.

वळणावरून घराची पडवी दिसते. पडवीत योगिनी खांबाला टेकून बसली होती, कानांवर हेडफोन, मांडीवर ॲम्प्ली. गाणं ऐकतेय म्हणून त्याला बरं वाटलं. चार पावलं आल्यावर त्याला आठवलं की लाईट नाही. ॲम्प्लीची विजेची पिन पायरीवर पडलेली होती, मांजर तिच्याशी खेळत होतं. आणि ॲम्प्लीतल्या दोन्ही काचा तांबूस पेटलेल्या होत्या.

तो थबकला. योगिनीने डोळे उघडले. आधी नुसती ऐकत राहिली, मग तिचा चेहरा उजळला. बारा वर्षांच्या मुलीचा झाला तो, परशुराम शपथेवर सांगतो. तिने समुद्राकडे तोंड केलं.

‘ओऽऽ,’ ती म्हणाली. ‘इलंय, बाबा.’

आतून वयनीचा झोपाळलेला आवाज आला, कोणाशी बोलतेस गो म्हणून. योगिनीने उत्तर दिलं नाही. हेडफोन काढून तिने ते ॲम्प्लीवर नीट ठेवले, खळं ओलांडलं आणि वाळूची वाट धरली. चपला पडवीतच राहिल्या. ती धावत नव्हती. उशीर झालेला नाही हे माहीत असलेल्या माणसासारखी चालत होती.

परशुराम धावला. कार्डं वाटेवर सांडली. माडांची ओळ संपली तिथे त्याला किनारा दिसला, आणि किनाऱ्याला लागलेली एक होडी. काळी, अर्धी पाण्यात. उन्हाने डोळे दिपत होते, जवळ कोण उभं होतं की नव्हतं ते तो आजही सांगू शकत नाही. त्याने बघितलं ते एवढंच, की होडीच्या अंगात एका फळीची जागा रिकामी होती आणि तिथून पलीकडचं पाणी चमकत होतं.

‘योगूऽऽ!’ त्याने छाती फोडून हाक मारली.

तिला ऐकू गेली. मागे न बघता, चालता चालता, तिने डोक्यावर एक बोट वर केलं.

परशुरामाने दुसऱ्या हाकेसाठी तोंड उघडलं. साठ वर्षांची छाती, वाळूतली धाव. श्वास आत गेला तो तिथेच अडकला, घशातून आवाज फुटेना. दादाने त्या दुपारी एकच हाक का मारली असेल, ते त्याला तिथे, गुडघ्यांवर पडल्यावर कळलं. पुढे त्याची योगू एक बोट वर धरून, काकाच्या दुसऱ्या हाकेची वाट बघत, पाण्यात उतरत होती.